सिस्टरांच्या बोर्डिंगात नव्यानं कामाला लागताना

जूनच्या मध्याला शाळा उघडते. त्याच्या आदल्या रविवारी बोर्डिंगच्या दारात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आलेल्या पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. एखादी आई पोरीचा हात सिस्टरांच्या हातात देते आणि म्हणते, "आता तुमच्या हवाली. ऐकलं न्हाई तर दोन ठेवून द्या." हे वाक्य मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षं ऐकतेय. त्यात विश्वास किती आहे ते पहिल्याच वर्षी कळलं. धोका किती आहे ते कळायला फार उशीर लागला.

आपल्याकडे सिस्टर म्हणजे देवमाणूस आणि फादर म्हणजे त्याहून वरचे. अशा माणसाबद्दल पोर घरी काय सांगणार, आणि सांगितलंच तर ऐकणार कोण? म्हणून मुलांना अत्याचारापासून जपायच्या या कामात माझी एकच अट आहे. ज्याच्या पाया पडायला लोक वाकतात, त्याला नियम सगळ्यांत आधी लागू. वॉचमनला आणि ड्रायव्हरला नियम लावणं सोपं असतं.

मी धर्मभगिनी नाही, पगारी रेक्टर आहे, म्हणजे बोर्डिंग सांभाळणारी. हे लिहितेय ते नव्यानं येणाऱ्या सगळ्यांसाठी: नुकतंच व्रत घेतलेली सिस्टर, ब्रदर, रेक्टर, स्वयंपाकीण, संध्याकाळचा अभ्यास घेणारे, रविवारी धर्मशिक्षण देणारे. ज्या क्रमानं ही कामं अंगावर येतात त्याच क्रमानं सांगते.

रुजू होण्याआधी: कोणाला जपायचं

अठरा पूर्ण न झालेलं प्रत्येक जण कायद्यानं मूल. बारावीतली साडेसतरा वर्षांची मुलगी आईच्या खांद्याला लागत असली तरी मूलच. "तिची पण मर्जी होती" हे वाक्य २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यापुढे, टिकत नाही, तेव्हा कोणाच्या तोंडून ते आलं की तिथंच थांबवा.

मोठ्या माणसांचं जरा वेगळं आहे. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ रोजी 'व्हॉस एस्टिस लक्स मुंदी' नावाचा हुकूम काढला आणि मार्च २०२३ मध्ये तो सुधारून कायम केला. नाव मत्तयच्या शुभवर्तमानातलं आहे, 'तुम्ही जगाचा प्रकाश आहात'. आजारपण, शरीराची किंवा मनाची दुर्बलता, किंवा स्वातंत्र्य हिरावलं जाणं, यामुळे ज्याला कधी कधी का होईना समजून घेणं, ठरवणं किंवा विरोध करणं जमत नाही, अशा प्रौढाचाही त्यात समावेश आहे. 'कधी कधी' हे दोन शब्द अधोरेखित करा. खाटेला खिळलेल्या वृद्ध सिस्टर त्यात येतात हे कुणीही सांगेल. पण गतिमंद असलेला बागकामाचा मदतनीस, आणि नवरा गेल्यावर लेकराला घेऊन आपल्याच आवारात राहायला आलेली स्वयंपाकीण, यांचीही अवस्था काही दिवस तशी असू शकते. सिस्टर व्हायला आलेली, घरापासून आठशे किलोमीटर लांब असलेली एकोणीस वर्षांची उमेदवार मुलगी तर हमखास विसरली जाते.

एक खुलासा इथंच करते, कारण नवीन माणूस इथं हटकून घोळ करतो. सांगली-मिरजेत 'मिशन' म्हटलं की लोकांना वानलेस साहेबांचा दवाखाना आठवतो. तो प्रेस्बिटेरियन मंडळींचा, म्हणजे प्रोटेस्टंट. आपला कारभार कॅथलिक आहे, त्याची उतरंड वेगळी. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, फादरांवर बिशप असतात. सिस्टर किंवा ब्रदर ज्या संघाच्या, त्या संघाच्या प्रोव्हिन्शिअल त्यांच्या वरिष्ठ. तुमच्या घरात कोण कोणाला जबाबदार आहे आणि संरक्षणाचं काम कोणाकडे सोपवलंय, त्यांची नावं आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. "विचारून सांगते" असं उत्तर आलं तर तेही तारखेसह लिहा.

कागद आधी, किल्ल्या नंतर

पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की मुलं राहतात किंवा जिथं मुलांचा नेहमी संबंध येतो त्या प्रत्येक संस्थेनं कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची. शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी सगळ्यांची, आणि एकदाच नाही तर ठरावीक काळानं. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. गॅदरिंगचा नाच बसवायला येणारे सर, व्हॅनवाले काका, सुट्टीत 'सेवा' म्हणून येणारे कॉलेजातले तरुण यांना आपण 'बाहेरचे' म्हणून सोडतो. सोडू नका. बदलून आलेल्या सिस्टर, ब्रदर, फादर यांचाही कागद फाइलला लागला पाहिजे. कोणाला राग आला तर स्वतःचा कागद आधी दाखवा.

पण पडताळणीत दिसतं ते फक्त पोलिसांत नोंदलं गेलेलं. म्हणून आधीच्या ठिकाणी फोन करायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. काम कसं होतं? आणि, या माणसाला मुलांमध्ये पुन्हा ठेवाल का? पहिल्याचं उत्तर सगळे गोड देतात. दुसऱ्यावर समोरचा किती वेळ गप्प बसतो ते ऐका.

मी आधी ज्या संस्थेत होते तिथं कॉम्प्युटरचे एक सर घेतले, तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला. "काम चांगलं करायचे," उत्तर आलं, मी फोन ठेवला. दोन महिन्यांनी मुली त्यांच्या तासाला जोडीजोडीनं जाऊ लागल्या. मला वाटलं, काय छान मैत्री आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

दारात सोडून दिलेलं तान्हं बाळ किंवा ऊसतोडीला जाताना कोणी 'ठेवून घ्या' म्हणून सोडलेलं अनाथ पोर, याला दयेपोटी परस्पर ठेवून घ्यायचं नाही. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं सांभाळायची तर संस्थेची त्याच कायद्याखाली नोंदणी हवी.

इमारत रात्री पाहा

दिवसा सगळी बोर्डिंगं सुरक्षित दिसतात. रात्री आठला, आणि एकदा वीज गेलेली असताना, एकटीनं फिरा. संडासाकडे जाणाऱ्या बोळात दिवा आहे का? बाथरूमची कडी आतून लागते का, बाहेरूनही लागते का? बाहेरची कडी काढून टाका, ती कोणाला तरी कोंडायलाच असते. गच्चीचा जिना, धान्याची खोली, चर्चमागची वस्त्रांची खोली, पाहुण्यांची खोली: किल्ली कोणाकोणाकडे आहे ते लिहा. आमच्याकडे धान्याच्या खोलीच्या तीन किल्ल्या निघाल्या. तिसरी कोणाकडे होती ते कळेना, मग कुलूपच बदललं. दोनशे रुपयांचं काम.

पापनिवेदनासाठी (कन्फेशनला) मुलं फादरांकडे जातात ती जागा उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी हवी. ऐकू जायला नको, दिसायला हवं. ऑफिसच्या आणि समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काचेची पट्टी बसवून घ्या. कॅमेरे बोळात आणि फाटकावर लावा, झोपायच्या आणि आंघोळीच्या जागी नाही. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं शाळांसाठी निर्णय काढला तेव्हापासून कॅमेऱ्यांची घाई सगळ्यांना आहे. त्याचं चित्रण कोण बघतं, हे विचारायची घाई कोणाला नाही.

मग मुलांना कागद द्या आणि बोर्डिंगचा नकाशा काढायला सांगा. जिथं भीती वाटते तिथं फुली मारायची, नाव घालायचं नाही. चाळीस कागदांत तीस फुल्या चिंचेच्या झाडावर येतील, तिथं भूत असतं. उरलेल्या दहा जागा बघा.

रोजचं वागणं

बंद दाराआड एका मोठ्यानं एका मुलाबरोबर थांबायचं नाही. आजारी पोराला रात्री दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी जायचं; दुसरं माणूस नसेल तर फोन करून कोणाला तरी कळवून निघायचं आणि वेळ वहीत मांडायची. मुलांना खासगी नंबरावरून मेसेज नाही, मोटरसायकलवर मागं बसवणं नाही, एकालाच गुपचूप खाऊ किंवा भेट नाही.

मारणं नाही. आईनं हजार वेळा परवानगी दिली तरी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, आणि बाल संगोपन संस्थेत ती शिक्षा हा बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. सगळ्यांसमोर उभं करून "फुकटात जेवतेस, लाज वाटत नाही?" म्हणणं हा छळच.

आपल्याकडची एक जुनी सवय मुद्दाम वेगळी काढते. "ये गं, जरा पाय चेपून दे." घरी आजीचे पाय चेपणारी पोर बोर्डिंगात मोठ्यांचे पाय चेपते, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण मोठ्या माणसानं बोलावलं की खोलीत जायचं, दार लोटायचं, सांगतील ते अंगाला करायचं, हे पोर त्यातूनच शिकतं. ते बंद करा. कपडे धुऊन घेणं, खोली झाडून घेणं ही खासगी कामंही बंद. स्वतःचं ताट मुलं धुतील, तुमचं नाही.

याचा अर्थ माया आटवायची असा नाही. आमच्या एक सत्तरीच्या सिस्टर रोज रात्री प्रार्थनेनंतर प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवतात. अंगणात, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या. पडलेल्या पोराला उचलून घ्यायला हा नियम कधीच आड येत नाही. मूल काय मागतंय त्याप्रमाणे स्पर्श, तुमच्या गरजेप्रमाणे नाही. नवीन ब्रदर मंडळी इथं इतकी घाबरतात की रडणाऱ्या पोराला लांबून "गप गप" म्हणतात. तेही बरं नव्हे.

मूल बोलायला लागतं तेव्हा

'अत्याचार' हा शब्द मुलाच्या तोंडून कधी येत नाही. पोट दुखतं म्हणेल. अंथरूण ओलं करायला लागेल. चाचणी परीक्षेत अचानक घसरेल, किंवा एखाद्या माणसाचं नाव निघालं की ताटातलं चिवडत बसेल. यातलं एकेक दिसल्यावर घाबरून जाऊ नका, पण वहीत नोंद ठेवा. नोंदी एकाखाली एक आल्या की काही तरी दिसायला लागतं.

त्या कॉम्प्युटरच्या सरांच्या वेळी एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला टायपिंगला न्हाई जायचं." मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "बोटं दुखत्यात." मी बोटांना तेल लावायला सांगितलं. तीन आठवडे गेले. 'का' हा शब्द मुलाला जाब वाटतो, आणि जाब मागितला की मूल सोयीचं उत्तर देतं. आज मी म्हणेन, "बरं. तासाला काय होतं ते सांग मला." आणि गप्प बसेन. गप्प बसणं शिकायला मला वर्षं लागली.

मूल सांगू लागलं की हातातलं काम ठेवा आणि त्याच्या उंचीला बसा. चार वाक्यं पाठ करा: "सांगितलंस ते बरं केलंस." "तुझी चूक नाही." "मी ऐकतेय." "आता पुढं काय करायचं ते मी तुला सांगूनच करीन." चेहरा शक्य तेवढा शांत ठेवा, तुम्ही हादरलात हे दिसलं की मूल तिथंच थांबतं, तुम्हाला सांभाळायला लागतं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मूल तेच आधी मागेल. म्हणा, "ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि कोणाला ते तुला कळेल."

"आधी का नाही बोललीस?", "नीट आठव, नक्की तसंच झालं?", "ते तर किती चांगले आहेत!" ही तीन वाक्यं तोंडातून निघता कामा नयेत. तुम्ही तपास करायला बसलेल्या नाही. तपशील खोदू नका, उत्तर तोंडात घालू नका, आणि दुसऱ्या सिस्टरांपुढे, फादरांपुढे, ट्रस्टींपुढे तीच गोष्ट मुलाला पुन्हा सांगायला लावू नका. दर वेळी सांगताना मूल ते पुन्हा सोसतं, वर कोर्टात वकील त्या चार तऱ्हांमधला फरक काढत बसतात.

मूल गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, तुम्ही काय विचारलं, मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. मूल 'शूची जागा' म्हणालं असेल तर तेच लिहा, शुद्ध मराठी करू नका. 'मला वाटतं' घालायचं असेल तर वेगळ्या ओळीत. सही करा. खाडाखोड झाली तर रेघ मारून ठेवा, पान फाडू नका. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नाही.

ज्याचं नाव आलं त्याला बोलावून विचारायचा मोह होतो. त्याला सावध करून पुरावा आणि मूल दोन्ही त्याच्या हाती देण्याचा तो सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

कळवायचं, आणि वाट बघायची नाही

पोक्सोचं कलम १९ नुसता सल्ला देऊन थांबत नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी पोलीस ठाण्याला किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. स्वयंपाकिणीला, सिस्टरना, मला, तुम्हाला. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. आणि धार्मिक किंवा शिक्षण संस्थेतल्या व्यवस्थापनातल्या, नोकरीतल्या माणसानं तिथल्या मुलावर अत्याचार केला तर तो गुन्हा जास्त गंभीर धरला जातो.

माझ्या त्या वेळच्या सुपिरिअर, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टर, म्हणाल्या होत्या, "आधी वर विचारू." वर विचारण्यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत सर नोकरी सोडून गावाला निघून गेले. आता मी नवीन लोकांना सांगते: सुपिरिअरना सांगायचं, जरूर सांगायचं. परवानगी मागायची नाही. आज्ञापालनाचं व्रत कायदा मोडायला सांगत नाही, आणि कोणी तसं सांगितलंच तर ते लिहून मागा. लिहून कोणी देत नाही.

कुठून सुरुवात करायची? १०९८ हा मुलांसाठीचा नंबर, चोवीस तास चालतो. तातडी असेल तर ११२. नाही तर सरळ जवळच्या ठाण्यात जा. घटना साताऱ्याच्या शिबिरात घडली आणि मूल सांगलीला येऊन बोललं, तरी सांगलीत गुन्हा नोंदवून घेता येतो, "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार, मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं, आणि गुन्हा अजून नोंदला नाही म्हणून दवाखाना अडवू शकत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. समिती मुलासोबत खटला संपेपर्यंत चालणारी सहायक व्यक्ती नेमून देऊ शकते. ती मागून घ्या. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या शासनाच्या मनोधैर्य योजनेबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. हे सगळं ठाण्यातल्या प्रत्येकाला पाठ असतंच असं नाही, तुम्हाला असलं की काम पुढं सरकतं.

आईवडिलांना बोलावून घ्या, मात्र आरोप त्यांच्यातल्याच कोणावर असेल तर आधी समितीशी बोला. गावातून चार जाणती माणसं येतील, "पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवा" म्हणतील. चहा द्या. हा गुन्हा बैठकीत मिटत नाही, एवढंच सांगा.

मुलाचं नाव, शाळा, गाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "प्रार्थना करा" म्हणून गेलेला मेसेजही त्यातच आला. आमच्याकडे बातमी फुटली ती अशीच, भक्तिभावानं.

चर्चच्या आतली वाट

पोलिसांबरोबरच चर्चची स्वतःची चौकशी चालते. बरोबर चालते, बदल्यात नाही. व्हॉस एस्टिसप्रमाणे धर्मगुरू आणि व्रतस्थ यांना कळलेलं बिशपांना किंवा संबंधित वरिष्ठांना कळवणं बंधनकारक आहे, आणि तक्रार करणाऱ्यावर किंवा पीडितावर मौनाची अट घालता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरची 'पोंटिफिकल सिक्रेट' ही गुप्ततेची अटही उठवली. कोणी दबक्या आवाजात "हे चर्चमध्येच राहू दे" म्हणालं तर त्यांना ही दोन वर्षं सांगा, २०१९ आणि २०२३.

नाव आलेल्या माणसाला चौकशी संपेपर्यंत मुलांपासून दूर ठेवायचं. दुसऱ्या धर्मग्रामात किंवा दुसऱ्या बोर्डिंगात बदली म्हणजे दूर ठेवणं नव्हे. तिथंही पेट्यांची रांग लागतेच.

पापनिवेदनाबद्दल नवीन माणसं फार गोंधळतात. पापनिवेदनाच्या संस्कारात ऐकलेलं धर्मगुरू कधीच उघड करू शकत नाहीत. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ९८३ कलमानं ते पूर्ण बंद आहे. तिथं एखादं मूल आपल्यावर काय झालं ते बोललं, तर फादर त्याला धीर देऊन म्हणू शकतात, "हेच बाहेर अमुक सिस्टरना सांगशील का? हवं तर मीही तुझ्यासोबत येतो." पण हे बंधन फक्त त्या संस्काराचं आहे. अंगणातल्या बाकावर, प्रार्थनेनंतर, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या वेळी सिस्टरना किंवा ब्रदरांना जे कळतं त्याला ही गुप्ततेची मोहर नसते. "विश्वासानं सांगितलं होतं" ही सबब कायद्यातही नाही, चर्चमध्येही नाही.

घरातली मोठी माणसं

वृद्ध सिस्टरांचं पासबुक कोण सांभाळतं, अंगठा कोण घेतं, गोळ्या कोण देतं हे एकाच माणसाच्या हाती नको. शांत राहाव्यात म्हणून झोपेची गोळी, पडू नयेत म्हणून बाहेरून कडी, या दोन्ही गोष्टी प्रेमळ माणसंच करतात. त्यांच्याशी आठवड्यातून एकदा, सांभाळणारी व्यक्ती समोर नसताना, दहा मिनिटं बोला. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. अपंग व्यक्तीचा छळ होत असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

काम करणाऱ्या बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात.

उमेदवार मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगा: मार्गदर्शन घेताना दार उघडं असेल, घरी फोन करायला अडवलं जाणार नाही, आणि 'नाही' म्हणाल्यानं तुमचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कमी होत नाही.

सुट्टी, पूर आणि पाहुणे

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. दिवाळीच्या सुट्टीत साठातली चोपन्न मुलं घरी जातात. उरलेल्या सहांचे आईबाप फडात असतात. अर्धा स्टाफ रजेवर. त्या सहा मुलांसोबत एकच मोठा माणूस, तीन आठवडे. वर्षातला हा सगळ्यांत धोक्याचा काळ आहे आणि सुट्टीचं वेळापत्रक करताना तो कोणाच्या डोक्यात नसतो. दोघांची पाळी लावा, सहाही मुलांना एकाच खोलीत झोपवा, बाहेरच्या कोणी तरी रोज फेरी मारावी.

पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा चढली तेव्हा शाळा, सभागृहं, चर्चचे हॉल लोकांना उघडून दिले. अशा वेळी नोंदवही, बायका-मुलांची वेगळी बाजू, संडासाकडे रात्रभर दिवा आणि मदतीला आलेल्यांच्या गळ्यात ओळखपत्र एवढं तरी करा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की आम्ही वही आणि बॅटऱ्या काढून ठेवतो. धोक्याची पातळी पंचेचाळीसला आहे.

देणगीदारांना दप्तर देतानाचे फोटो हवे असतात. दप्तरांचा काढा म्हणावं.

शेवटचं काम: पेटी

तक्रारपेटी सगळ्यांकडे असते, बहुतेक ऑफिसच्या दारात. तिथं चिठ्ठी टाकणारं पोर सगळ्यांना दिसतं. पेटी संडासाच्या वाटेवर लावा, सगळ्यात लहान पोराचा हात पोचेल अशी. दर शनिवारी दोघांनी उघडायची, त्यातली एक व्यक्ती संस्थेबाहेरची, किल्ली तिच्याकडेच. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र टाकलं तरी चालेल असं सांगा. आलेलं सगळं वहीत चढवायचं आणि काय केलं ते सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सांगायचं. नाजूक असेल ते अर्थातच तिथं नाही.

आमची पेटी महिनाभर रिकामी होती. पाचव्या शनिवारी एक चिठ्ठी निघाली, वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं: "आमटीत डाळ नसती." सोमवारी डाळ वाढवली. पुढच्या शनिवारी चार चिठ्ठ्या होत्या.